माझा अनुभव: सीटीच्या फॉर्मवरची दोन बोटं जागा

सीटीच्या मागणीच्या फॉर्मवर नाव, वय, केस पेपर नंबर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ततपासणी), ॲलर्जी, शेवटच्या पाळीची तारीख, सगळ्यांना ऐसपैस चौकटी आहेत. ज्यावरून फॉर्म परत येतो त्या ‘क्लिनिकल डिटेल्स’ला मात्र दोन बोटं जागा. इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीला लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांतली माझी अर्धी चिडचिड ह्या दोन बोटांवर खर्च झाली. नळी घालणं, सुई लावणं करून करून हाताला बसतं. कुठल्या रुग्णाचा कुठला फोटो काढायचा, ते असं हाताला बसत नाही.

रात्रीचा क्रम ठरलेला. फॉर्म भरायचा, वॉर्डच्या मामांकडे द्यायचा, मामा लांबलचक कॉरिडॉर तुडवत रेडिओलॉजीला जाणार. वीस मिनिटांनी तोच फॉर्म परत, त्यावर लाल पेनाचं प्रश्नचिन्ह. दुसरं अक्षर नाही. ‘पोटदुखी, सीटी ॲबडोमेन करावा’ परत. ‘पोटदुखी, कारण?’ परत. ‘रूल आउट पॅथॉलॉजी’वर दोन प्रश्नचिन्हं. फोन केला तर पलीकडून ‘काय शोधताय?’ एवढंच विचारून फोन खाली. इकडे खाटेभोवती सहा नातेवाईक: ‘डॉक्टर, एकदा सिटी करी ल्या ना.’

राग येतो, कारण वाटतं की समोरच्याला काम टाळायचंय. कधीकधी टाळायचं असतंही. पण प्रश्न बरोबर होता, आणि तो का विचारतात हे पंधरा मिनिटांत कुणी शिकवलं असतं तर सहा महिने वाचले असते. ‘पोटाचा सीटी’ नावाची एकच तपासणी नसते. मुतखडा बघायचा तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उठून दिसणारं औषध, लागतच नाही. अपेंडिक्स किंवा गळू बघायचं तर शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन साधारण ७० सेकंदांनी एकदाच चित्रं घेतात. महाधमनी फाटल्याची शंका असेल तर धमन्यांत कॉन्ट्रास्ट भरलेला असतानाच, म्हणजे २५-३० सेकंदांच्या आसपास चित्रं हवीत, आणि छातीपासून मांडीच्या सांध्यापर्यंत. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका असेल तर धमनीचा आणि शिरेचा, दोन्ही टप्पे हवेत. शिवाय पिण्याचा पांढरा कॉन्ट्रास्ट द्यायचा नाही, कारण आतड्याच्या भिंतीत रक्त पोहोचतंय का हे त्यात झाकलं जातं. फॉर्मवर नुसतं ‘पोटदुखी’ असलं की टेक्निशियन ७० सेकंदांवालं करून मोकळा होतो. धमनी बघायची राहून गेली तर सगळा कॉन्ट्रास्ट पुन्हा, सगळं रेडिएशन पुन्हा.

त्याच जागेत पुढे हे बसायला लागलं: ‘६८, पुरुष. ६ तासांपूर्वी अचानक पोटदुखी. पोट मऊ, दुखणं मात्र प्रमाणाबाहेर. नाडी अनियमित. आतड्याची धमनी बंद? असल्यास लगेच सर्जरी.’ हा फॉर्म परत येत नाही. कोण आहे, तपासताना हाताला काय जाणवलं, शंका कशाची आणि उत्तर मिळाल्यावर करणार काय, एवढं त्यात असतं. मी शेवटचं वाक्य आधी लिहिते. ‘नॉर्मल आला तर काय करणार’ हे लिहिता येत नसेल तर तपासणी चुकीची निवडलीय किंवा नकोच आहे.

लकव्यात हे फार नडतं. नवा रेसिडेंट सीटी बघून ‘नॉर्मल आहे, लकवा नसेल’ म्हणतो. पहिल्या काही तासांत गुठळीचा लकवा साध्या सीटीत दिसत नाही हे नेहमीचंच. तो सीटी रक्तस्राव नाही ना हे बघायला असतो. नॉर्मल आला की घाई उलट वाढते, कारण गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला सुरुवातीपासून साडेचार तासांचीच मुदत आहे.

क्रिएटिनिनचं आधीच सांगायला हवं होतं. रक्ताचा पहिला नमुना जातो त्याच वेळी तेही पाठवा, सीटी ठरल्यावर नको. नाहीतर रिपोर्टपायी तास जातो. त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं तो आकडा) ३० च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्ट देण्याआधी थांबून विचार करायचा. लकवा किंवा मोठा अपघात असेल तर रिपोर्टसाठी अडायचं नाही, आणि तसं फॉर्मवर लिहायचं. सीटी अँजिओग्राफी (धमन्यांचा सीटी) असेल तर कोपरात हिरवी, १८ नंबरची सुई. हाताच्या पाठीवरची निळी २२ नंबरची ठेवून रुग्ण पाठवला तर रुग्णच परत येतो.

डोक्याच्या माराचं त्या मानाने सोपं गेलं, कारण नियम लिहिलेला आहे. हायवेवरून हेल्मेटशिवायचे दुचाकीवाले रोजचे. शुद्ध हरपलेली, मधलं आठवत नसलेलं किंवा गोंधळलेलं, आणि जीसीएस (शुद्धीचा गुणांक, पूर्ण शुद्धीत १५) १३ ते १५, अशांना २००१ चा कॅनेडियन सीटी हेड रूल लावायचा. दोन तासांनीही जीसीएस १५ नाही, कवटी खचल्याची किंवा तळाशी तडकल्याची खूण, दोन किंवा जास्त उलट्या, वय ६५ किंवा वर: ह्यातलं एकही असेल तर सीटी. माराच्या आधीची अर्ध्या तासाची किंवा जास्त आठवण गेली असेल, गाडीने पायी माणसाला उडवलं असेल, किंवा तीन फुटांच्या वरून पडला असेल, तरीही. ‘उलटी व्हयनी’ एवढ्यावर थांबू नका, किती वेळा ते विचारा. रक्त पातळ करणारी गोळी, झटका किंवा १६ च्या आतलं वय असेल तर हा नियम लागूच होत नाही, हे विसरलं जातं. लहान मुलांना पेकार्नचे (मुलांच्या डोक्याच्या मारासाठीचे) निकष वेगळे, तिथे कित्येकदा काही तास नजरेखाली ठेवणं पुरतं. कवटीचा साधा एक्स-रे मागू नका. तो नॉर्मल आला म्हणून आत रक्त नाही असं होत नाही.

घोट्याला १९९२ चे ओटावा नियम. घोट्याजवळ दुखत असताना बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या मागच्या कडेला, खालच्या ६ सेंटीमीटरमध्ये दाबून दुखत नसेल, आणि मार लागल्यावर किंवा आपल्यासमोर चार पावलं टाकता येत असतील, तर घोट्याचा फोटो नको. लंगडत टाकलेली पावलंही धरायची. पाऊल दुखत असेल तर करंगळीकडचं आणि आतल्या बाजूचं हाड वेगळं दाबायचं.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ पर्यंत चढतो आणि मुतखड्यांची रांग लागते. तरुण असेल, आधी खडे झालेले असतील, ताप नसेल तर सोनोग्राफी पुरे. पोटाच्या एका सीटीत ८-१० मिलिसीव्हर्ट रेडिएशन जातं, निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतात, आणि हा माणूस पुढच्या उन्हाळ्यातही येणार. पण साठीच्या पुढच्याला आयुष्यात पहिल्यांदाच ‘खडा’ झाला असेल तर आधी प्रोब पोटाच्या मधोमध ठेवून महाधमनी मोजा. ३ सेंटीमीटरच्या वर असेल तर ती फुगलेली आहे, खडा विसरा.

अपघातात फास्ट, म्हणजे खाटेपाशीच झटपट करायची सोनोग्राफी, हाताशी असते, पण तिच्याकडून नको ते अपेक्षित असतं. ती पोटातलं मोकळं रक्त दाखवते. लिव्हर फाटलंय का, पोटाच्या मागच्या बाजूला रक्त साचलंय का, हे तिला विचारायचं नाही. बीपी पडलेलं आणि फास्टमध्ये रक्त, तर थेट ऑपरेशन थिएटर, सीटीच्या टेबलावर नव्हे. बीपी चांगलं आणि फास्ट स्वच्छ, तरी मार जोराचा असेल तर सीटी लागू शकतो. गर्भवती असेल तर सोनोग्राफीसाठी १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याचा फॉर्म एफ आलाच. त्याचे कोरे कागद रात्री कुठल्या कपाटात असतात हे दिवसाच बघून ठेवा.

दोन बोटं पुरली नाहीत तर फॉर्मच्या मागे लिहा, पण पुढे मोठा बाण काढून ‘मागे पाहा’ म्हणा. टेक्निशियन आपणहून कागद उलटत नाहीत.