रोल प्लेअर लॉग: सनबोर्ड, डाइस आणि थोडी मतं

मंडळी, मागच्या अपडेटनंतर बरंच काही झालंय. आधी कामाचं सांगतो, मग मतं, आणि मतं जास्त आहेत त्यामुळे चहा घेऊनच बसा.

रोल प्लेअर या बोर्ड गेमच्या बॉक्सचा इन्सर्ट, म्हणजे आतले खण, पूर्ण झाला. गोखले रोडच्या मागच्या गल्लीतून 5 एमएमचा सनबोर्ड आणला, कटर, स्टीलची पट्टी आणि फेविकॉल, बस. मार्केट कार्डांना एक उभा खण, क्लास, बॅकस्टोरी आणि अलाइनमेंटला एक एक, आणि नाण्यांसाठी मिसळीच्या पार्सलबरोबर येतात ना त्या रश्श्याच्या छोट्या डब्या, धुऊन पुसून. पहिल्या धुण्यात वास जात नाही, लिंबू लावा. कार्डांना प्लास्टिकचे स्लीव्ह घातले कारण ठाण्यात कासारवडवलीला जुलैची हवा अशी की टेबलावर रात्रभर ठेवलेलं कार्ड सकाळी पापडासारखं वळलेलं असतं. सिलिका जेलच्या पुड्या बॉक्समध्ये टाकल्यात, बुटांच्या खोक्यातल्या चालतात, वेगळ्या विकत घ्यायची गरज नाही.

आता गेम. नवीन लोकांसाठी दोन शब्द: रोल प्लेअर हा कीथ माटेयका यांचा, थंडरवर्क्स गेम्सने 2016 मध्ये काढलेला गेम. आख्खा गेम म्हणजे फँटसी कॅरेक्टर तयार करणं, त्यापुढे काही नाही. क्लास म्हणजे त्याचा पेशा, बॅकस्टोरी म्हणजे पूर्वायुष्य, अलाइनमेंट म्हणजे स्वभाव, आणि मार्केट म्हणजे दर राउंडला नाणी देऊन शस्त्रं, चिलखत, स्किल अशी कार्डं घ्यायची जागा. स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा), इंटेलिजन्स, विस्डम, करिश्मा अशा सहा ओळी, प्रत्येक ओळीत तीन डाइस (फासे), म्हणजे 18 डाइस भरायचे. सहा सुरुवातीलाच टाकून ठेवायचे, उरलेले बारा दर राउंडला टेबलावरून एकेक उचलून. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोल-प्लेइंग गेम 1974 मध्ये आला तेव्हा कॅरेक्टर असंच बनायचं, प्रत्येक गुणासाठी तीन डाइस टाका, बेरीज लिहा, नशिबात आलं ते घ्या. इथे तेच तीन डाइस आहेत, फक्त आलेलं निमूट घ्यायचं नाही, त्याच्याशी भांडायचं.

आणि भांडावंच लागतं, कारण तीन डाइसची सरासरी साडेदहा. 15 किंवा त्याच्या वर यायची शक्यता 216 पैकी 20, पुरती दहा टक्केही नाही, आणि 18 तर 216 मध्ये एकदा. क्लास कार्ड मात्र बिनधास्त 15 च्या वर मागतं, कुठे 16 ते 17 च्या मध्येच हवं म्हणतं, म्हणजे जास्त झालं तरी स्टार (म्हणजे पॉइंट) गेले. म्हणून "हा लकचा गेम आहे" असं कोणी म्हणालं की मला कळतं की यांनी एकदाच खेळलाय आणि तोही घाईत.

माझं मत सरळ आहे: हा डाइस निवडायचा गेम नाहीच, हा डाइस कुठल्या ओळीत टाकायचा त्याचा गेम आहे. कारण प्रत्येक ओळीला आपली एक ॲक्शन आहे. स्ट्रेंग्थमध्ये डाइस टाकला की कुठलाही एक डाइस उलटा करायचा, डेक्स्टेरिटीत दोन डाइसची अदलाबदल, कॉन्स्टिट्यूशनमध्ये एकाने वर किंवा खाली, इंटेलिजन्समध्ये परत रोल, विस्डममध्ये अलाइनमेंटचं टोकन सरकवायचं, करिश्मात मार्केटमध्ये एक नाणं कमी. ओळीत फक्त तीनच जागा, म्हणजे ॲक्शनही मोजक्याच. सुरुवातीच्या सहांपैकी दोन तुम्ही स्ट्रेंग्थमध्ये कोंबले असतील तर आख्ख्या गेममध्ये डाइस उलटा करायची संधी एकदाच, आणि सुरुवातीच्या डाइसना ॲक्शन मिळत नाही हे नवीन माणसाला पाचव्या राउंडला कळतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

परवाच्या गेममधला एक राउंड सांगतो. चौघं होतो, म्हणजे टेबलावर पाच डाइस: 1, 2, 4, 6, 6, लहानाकडून मोठ्याकडे लावलेले. माझी इंटेलिजन्सची ओळ भरलेली, 6, 5, 2, बेरीज 13, आणि क्लासला हवे 16 ते 17. नेरुळचा मित्र माझ्या आधी होता, त्याने सहा उचलला, वर "सॉरी हां" म्हणाला. मी तो काळा एक्का घेतला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, एक कोण घेतं?" एक्का टाकला स्ट्रेंग्थमध्ये, तिथे क्लासला फारसं काही नको होतं आणि बॅकस्टोरीला त्याच घरात काळाच हवा होता. ॲक्शन वापरून इंटेलिजन्समधला 2 उलटा केला. डाइसच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते त्यामुळे 2 चा झाला 5, ओळ झाली 16. वरून सगळ्यात लहान डाइस घेणारा मार्केटमध्ये पहिला, सो लेदर आर्मरचा तुकडा पण मीच उचलला जो वहिनी तीन राउंडपासून जमवत होत्या. "तो माझा होता हं!" असं ऐकून घेतलं आणि शांतपणे नाणी मोजली.

हा राउंड मुद्दाम लिहिला कारण या गेमवर सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे मल्टिप्लेअर सॉलिटेअर आहे, प्रत्येकजण आपल्या बोर्डात डोकं घालून बसतो. अर्धं खरं आहे. दुसऱ्याच्या बोर्डाला हात लावता येत नाही. पण डाइस आणि मार्केटमधली कार्डं खेळाडूंच्या संख्येपेक्षा एकानेच जास्त असतात, आणि विकत घ्यायचं नसेल तर मार्केटमधलं एक कार्ड फेकून दोन नाणी घेता येतात, म्हणजे शेजाऱ्याचं आवडतं कार्ड फेकायचे पैसे मिळतात वर! आमच्याकडे भाच्याने ही कला फार लवकर आत्मसात केली, नववीत आहे, पुढे काय होणार देव जाणे. दोघांत खेळलात तर मात्र मार्केट पातळ वाटतं, तीन किंवा चार बेस्ट.

अलाइनमेंटबद्दल मला अजून पटलेलं नाही. तीन बाय तीनची जाळी, लॉ-केऑस, गुड-ईव्हिल, टोकन ठरलेल्या घरात पोचलं की स्टार. आयडिया छान आहे कारण स्किल वापरलं की टोकन सरकतं, आणि सरकायला जागा नसेल तर स्किल वापरताच येत नाही, सज्जन माणसाला एका मर्यादेपलीकडे सज्जनपणा करता येत नाही म्हणा ना. पण शेवटच्या दोन राउंडमध्ये सगळे फक्त टोकन परत जागेवर आणायच्या खटपटीत असतात, ती मजा कमी आणि हिशेब जास्त.

डाइसच्या रंगांचंही एक. एकूण 73 डाइस पिशवीत, जांभळा आणि निळा आमच्या हॉलच्या पिवळ्या बल्बखाली जवळजवळ सारखे दिसतात. पांढरी ट्यूब लावली, प्रश्न मिटला. पण रंग ओळखायला त्रास होणारा कोणी ग्रुपमध्ये असेल तर आधी सांगून ठेवा, कारण क्लासच्या रंगाच्या प्रत्येक डाइसला स्टार आहे आणि बॅकस्टोरी तर पूर्ण रंगावरच चालते. सोनेरी डाइस मात्र लांबूनही कळतो, त्याला टाकल्यावर नाणं मिळतं म्हणून सगळ्यांची नजर तिकडेच.

आता मोठी तक्रार, जी मला शंभर टक्के मान्य आहे. तासभर घाम गाळून कॅरेक्टर बनवलं, तलवार घेतली, चिलखत घेतलं, स्वभाव घडवला, आणि मग गेम संपतो. पॉइंट मोजा आणि घरी जा. बायोडाटा झकास तयार, स्थळ बघायला कोणी गेलंच नाही. याचं उत्तर म्हणजे 2018 चं मॉन्स्टर्स अँड मिनियन्स एक्सपान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडायचा वेगळा बॉक्स. मार्केटच्या वेळी खरेदी सोडून मिनियनची, म्हणजे राक्षसाच्या चेल्यांची, शिकार करता येते, त्यातून शेवटच्या राक्षसाबद्दल माहिती मिळते, आणि गेमच्या शेवटी खरंच त्याच्याशी लढाई. हे आम्ही पावसाळ्यात सुरू केलं. चांगलं काय, तर शस्त्रांना अर्थ आला, आणि मार्केटला "काही नको" म्हणून हात चोळत बसायची वेळ संपली. वाईट काय, तर वेळ. तिघांत छान चालतं, चौघांत रात्री साडेअकरा वाजतात आणि नेरुळवाल्याला ट्रान्स हार्बरची शेवटची लोकल दिसायला लागते, मग तो विचार न करता डाइस टाकतो आणि जिंकतो पण, हा वेगळा वैताग.

पाच जणांत खेळायची सोयही त्याच एक्सपान्शनने केलीय. करू नका. एवढंच.

फीन्ड्स अँड फॅमिलियर्स या दुसऱ्या एक्सपान्शनचा बॉक्स आणलाय पण अजून उघडला नाही. आधी मॉन्स्टर्सवाला डोक्यात पक्का बसू दे. कोणी म्हणतं दोन्ही एकत्र मिसळा, मला वाटतं नवीन माणूस टेबलावर असेल तर दोन्ही कपाटात ठेवा आणि बेस गेमच लावा, त्याला सहा ॲक्शन समजल्या तरी पुष्कळ. आणि ज्यांना एवढा हिशेब नकोच त्यांना कार्टोग्राफर्स द्या, याच दुनियेतला, कागद पेन्सिलवाला, 2020 च्या केनरश्पील या जर्मन बोर्ड गेम पुरस्काराच्या नामांकनात होता. आमच्या आईला डाइसवाला नको पण नकाशावाला चालतो, गेल्या रविवारी तिने सगळ्यांना हरवलं आणि मग पोहे केले.

विकत घेणाऱ्यांना एकच सल्ला, बाहेरून मागवताना गेमची किंमत बघू नका, शिपिंग आणि कस्टम धरून बघा. शक्य असेल तर ठाणे, वाशी, खारघर मिळून एकत्र ऑर्डर करा, आम्ही यावेळी तेच केलं.

पुढचं काम: सनबोर्डच्या इन्सर्टमध्ये दोन्ही एक्सपान्शन बसवायचे, झाकण वर न येता. आत्ता एक सेंटिमीटरने येतंय. बहुतेक मिनियन कार्डं आडवी ठेवून सुटेल, नाहीतर डाइसची पिशवी बाहेर काढावी लागेल. मापं हवी असतील तर विचारा, कागदावर लिहून ठेवलीत.