चोर सोडून रॅमला फाशी

भाच्याचा मेसेज आला, "मामा, नवा पीसी घ्यायचाय, असेंबल करू का ब्रँडेड घेऊ?" मी एका ओळीत उत्तर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं, परत पुसलं आणि शेवटी "फोन करतो" एवढंच लिहिलं. फोनवरचं बोलणं पण अर्धवट राहिलं कारण त्याला क्लासला पळायचं होतं, म्हणून उरलेलं सगळं इथे ओततोय.

आधी माझी रामकहाणी. २०१८च्या शेवटी मी एकेक पार्ट जमवून मशीन उभं केलं. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, एसएसडी, आणि या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसतं म्हणून तात्पुरतं एक जीटी १०३० कार्ड. तात्पुरतं म्हणजे तीन वर्षं. पीएसयूची, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या डब्याची, पाळी येईपर्यंत पैसे संपत आले होते, मग काय, कॅबिनेटसोबत जो आला तोच ठेवला. वर ४५० वॅट लिहिलंय ना, बास झालं.

तीन वर्षं मशीनने एकदाही कुरकुर केली नाही. मग मी हौसेने जीटीएक्स १६६० सुपर हे मोठं ग्राफिक्स कार्ड आणलं. त्याला आठ पिनची वेगळी पॉवर लागते आणि माझ्या पीएसयूला ती वायरच नव्हती, तर कार्डाच्या बॉक्समध्ये दोन मोलेक्सचं (पीएसयूचे जुन्या पद्धतीचे चार पिनचे कनेक्टर) मिळून एक आठ पिन करणारं कन्व्हर्टर निघालं ते लावलं आणि खूश झालो. आता मागे वळून बघताना स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते, कारण पीएसयू बनवणाऱ्यानेच ती वायर दिली नाही म्हणजे त्याला काहीतरी सांगायचं होतं ना! पण तेव्हा नाही कळलं.

चार-पाच दिवसांनी गेम चालू असताना फट्‌ करून मशीन बंद. ब्लू स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही, कोणी प्लग खेचावा तसं, आणि दोन सेकंदांनी आपोआप परत चालू. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, बघितलं तर कर्नल-पॉवर ४१. नेटवर शोधलं तर या ४१वर लोकांनी महाभारत लिहून ठेवलंय, पण त्याचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. अरे ते मलाही माहितीये, मी समोरच बसलो होतो.

तिथून माझा तपास सुरू झाला. पहिला आरोपी विंडोज, फॉरमॅट मारलं, रविवार गेला. दुसरा आरोपी रॅम. रॅम काढल्या, सोनेरी पट्टी खोडरबराने घासली (हे खरंच कधीकधी चालतं, हसू नका), जागा बदलून लावल्या, एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवायची सेटिंग) बंद केलं, रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवला, सकाळी चार पास पूर्ण आणि एरर शून्य. तरी माझा रॅमवरचा संशय काही जाईना, का कोण जाणे, रॅम बिचारी दिसतेच अशी की पहिला हात तिच्याकडे जातो. मग टेंपरेचर बघितलं, ६८च्या पुढे जात नव्हतं, तरी कूलर काढून नवी पेस्ट लावली. ड्रायव्हर पुसून परत टाकला. बायॉस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डावरचा प्रोग्राम) अपडेट केला, आणि तो होताना जी पाच मिनिटं छातीत धडधडतं ते वेगळंच.

आणि मग मी जे केलं ते माझ्या मते एकदम शास्त्रशुद्ध होतं. नवं कार्ड काढलं आणि जुनं जीटी १०३० परत लावलं. दोन आठवडे मशीन एकदाही बंद पडलं नाही! झालं, सापडला चोर, नवं कार्डच खराब. वॉरंटीत पाठवलं, तीन आठवडे वाट बघितली, परत आलं आणि सोबत चिठ्ठी, दोष आढळला नाही. मी मनातल्या मनात त्या सर्व्हिसवाल्यांचा उद्धार केला, कार्ड लावलं, आणि दुसऱ्या दिवशी फट्‌.

शेवटी एक मित्र स्वतःच्या मशीनमधला पीएसयू पिशवीत घालून घेऊन आला. तो लावला आणि तेव्हापासून ते मशीन आजपर्यंत असं बंद पडलेलं नाही. वीस मिनिटांचं काम.

जीटी १०३० खातं जेमतेम ३० वॅट, तेही सगळे बोर्डावरच्या स्लॉटमधूनच. १६६० सुपर खातं १२५, आणि वर मधेच काही मिलिसेकंद त्याहून बरीच मोठी उडी मारतं, ती उडी आली की स्वस्त पीएसयूचे १२ व्होल्ट खाली बसतात आणि खेळ खल्लास. म्हणजे जुनं कार्ड लावल्यावर मशीन चाललं त्यात नव्या कार्डाचा काहीच दोष सिद्ध होत नव्हता, मी फक्त चोराला त्रास देणं थांबवलं होतं आणि तो गुपचूप बसला होता! मित्राने मग त्या पीएसयूच्या बाजूचं स्टिकर वाचायला लावलं. वर मोठ्या अक्षरात ४५०, आणि खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टला फक्त १८ अँपिअर. गुणा, २१६ वॅट झाले. बाकीची बेरीज ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेली, जी आजकालच्या मशीनला फारशी लागतच नाही, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही मुख्यतः १२वरच जगतात.

आणि हो, मी मधे त्या पीएसयूची क्लिपवाली टेस्ट पण केली होती, चोवीस पिनच्या कनेक्टरची हिरवी आणि एक काळी वायर जोडली की पीएसयूचा पंखा फिरतो ती. फिरला होता पंखा. पण त्यावरून पीएसयू चालू होतो एवढंच कळतं, लोड आल्यावर तो काय दिवे लावेल ते नाही कळत. रिकाम्या हाताने कोणीही पळतो. (पीएसयू उघडून बघायचा मोह झाला तर होऊ देऊ नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ बसून असू शकतात.)

आता दादाची गोष्ट. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याने माझे हे सगळे धंदे बघून शहाण्यासारखा ब्रँडेड घेतला, छोटा टॉवर, तीन वर्षं वॉरंटी, बिघडला तर माणूस घरी येणार. पहिल्या वर्षी हार्डडिस्क गेली, फोन केला, दुसऱ्या दिवशी माणूस आला, बदलून गेला, दादा चहा पीत बसला होता. मला इतका राग आला ना. मी तेव्हा कार्डाच्या पार्सलचं ट्रॅकिंग बघत होतो.

पण वॉरंटी संपली आणि काही महिन्यांनी त्याचं मशीन मेलं. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन रुबाबात गेलो. पॉवर बटणाचा दिवा नारिंगी लुकलुकत होता, मॅन्युअलमध्ये त्या लुकलुकण्याचा तक्ता होता, आणि पीएसयूच्या मागे एक छोटं टेस्टचं बटण होतं ते दाबलं तर शेजारचा हिरवा दिवा लागला नाही. दोन मिनिटांत कळलं की पीएसयू गेलाय. मला ज्याला दोन महिने लागले ते या डब्याने स्वतःच सांगितलं, मान गये.

मग कव्हर उघडलं आणि माझा रुबाब उतरला. तो पीएसयू लांबुळका, बारीक, नेहमीच्या एटीएक्स साइजचा (पीसीच्या पार्टचं ठरलेलं माप) नाहीच, स्क्रूची भोकं वेगळी. बोर्डाला चोवीस पिन नाहीत, एक छोटासाच कनेक्टर, हार्डडिस्कची पॉवरसुद्धा बोर्डातूनच निघालेली. माझ्याकडचा चांगला धडधाकट स्पेअर पीएसयू हातात होता आणि त्याचा उपयोग शून्य. बरं, बोर्ड बदलावा तर तोही त्याच कॅबिनेटच्या मापाचा, पुढच्या पॅनेलची वायर पण त्यांचीच खास. शेवटी त्याच मॉडेलचा जुना, कुठल्यातरी भंगारात निघालेल्या मशीनचा पीएसयू शोधण्यात जवळजवळ दोन महिने गेले. माझा चोर दोन महिन्यांनी सापडला आणि वीस मिनिटांत हाकलला, दादाचा दोन मिनिटांत सापडला आणि हाकलायला दोन महिने. म्हणून भाच्याला मी एका ओळीत उत्तर देऊ शकलो नाही.

गंमत म्हणजे पार्ट एकमेकांना चालतात ही सोय सुरूच एका कंपनीच्या तयार मशीनमुळे झाली. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी काढला तो बाजारातले पार्ट वापरून, स्वतःचं खास असं त्यात मुख्यतः बायॉस होतं, आणि कॉम्पॅकने ते बायॉस कॉपी न करता नव्याने लिहून १९८२ मध्ये आपलं मशीन जाहीर केलं, मग काय, धरणच फुटलं. एटीएक्सचं माप इंटेलने १९९५ मध्ये आणलं आणि आजही माझा बोर्ड त्याच भोकांवर बसतो. आणि तयार मशीन विकणाऱ्या कंपन्या मात्र परत आपापल्या मापाकडे वळल्या. त्यांनाही दोष काय द्यायचा, छोटा डबा आणि कमी वायर हवी तर हेच होणार, पण चिडचिड व्हायची ती होतेच.

"ब्रँडेड म्हणजे आतला माल भारी" असं कोणी म्हणालं तर मात्र मी भांडतो. २०००च्या दशकात खराब इलेक्ट्रोलाइटवाले कपॅसिटर सगळीकडे फुगत होते, डोकं वर आलेलं, तपकिरी चिकट काहीतरी गळतंय, तेव्हा ते असेंबल बोर्डांवरही होते आणि ब्रँडेडवरही. २००५ मध्ये डेलने आपल्या ऑप्टिप्लेक्स पीसींच्या अशा बिघाडांसाठी सुमारे ३० कोटी डॉलर बाजूला काढले होते. फरक इतकाच की तिथे निस्तरायला एक मोठी कंपनी होती आणि असेंबलवाल्याने सोल्डरिंग गन घेतली.

चुकीच्या माणसाला पकडणं तर फक्त माझ्यासारख्या हौशी लोकांचं काम नाहीये, कॉम्प्युटर स्वतःही तेच करतो. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचा घोळ आठवतोय? गेम सुरू होताना व्हिडिओ मेमरी संपली असा एरर यायचा, लोक ग्राफिक्स कार्डांना शिव्या घालत बसले आणि निघालं काय तर प्रोसेसरच जास्त व्होल्टेजने झिजत होता. २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) दुरुस्त केला आणि दोन वर्षं वॉरंटी वाढवून दिली, त्यातही बॉक्समधला प्रोसेसर घेतलेल्याने इंटेलकडे जायचं आणि तयार पीसीवाल्याने पीसी बनवणाऱ्याकडे. असेंबलवाल्याला हे असं प्रत्येक पार्टचं वेगळं दार, वेगळं बिल, वेगळी तारीख. बिलांचे फोटो काढून ठेवा रे, ती शाई उडते.

भाच्याने असेंबलच करायचं ठरवलं, मला वाटलंच होतं. मी एकच अट घातली, पीएसयू आधी निवडायचा आणि बाकीचं नंतर. तो म्हणाला ८० प्लस गोल्ड बघितलाय, तर म्हटलं चांगलं आहे, पण तो शिक्का वीज किती वाया जात नाही ते सांगतो, आतलं काम कसं आहे ते नाही, त्यासाठी कोणीतरी लोड देऊन तपासलेला रिव्ह्यू वाच. आणि मोलेक्सचं कन्व्हर्टर दिसलं तर फेकून दे.

मागच्या शनिवारी बसलो दोघं. तीन-चार तास गेले, बोर्डाच्या मागची पट्टी आधी लावायची राहिली म्हणून एकदा सगळं काढून परत बसवलं, त्यावर जास्त बोलत नाही. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी. बोर्डावरचा डीरॅम (म्हणजे रॅमच) लिहिलेला छोटा दिवा पेटून राहिलेला. मिनिट गेलं, दुसरं गेलं. मी बंद केलं, रॅम काढून परत बसवल्या, चालू केलं, परत तेच. परत बंद केलं आणि एक रॅम काढून ठेवली, खिशात खोडरबर नव्हतं म्हणून बरं. तोपर्यंत भाचा मॅन्युअल वाचत होता, म्हणाला, "मामा, डीडीआर५ रॅमला पहिल्यांदा ट्रेनिंगला, म्हणजे मशीनशी जुळवून घ्यायला, वेळ लागतो असं लिहिलंय इथे, काही मिनिटं थांबा म्हणतायत. तू सारखं बंद करतोयस म्हणून ते परत पहिल्यापासून करत असेल."

काढलेली रॅम जागेवर लावली. बटण दाबलं आणि मी हात मागे बांधून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने तो दिवा विझला आणि बायॉसचा स्क्रीन आला. भाच्याने वाकून बघितलं, म्हणाला, "मामा, आपण ६०००ची रॅम घेतली ना, इथे ४८०० दाखवतंय, रॅम खराब आहे का?"

मी म्हटलं, एक्स्पो, म्हणजे ती रॅमचा वेग वाढवायची सेटिंग, चालू कर, आणि त्या रॅमला आता कोणी काही बोलू नका.