जिना कुठल्या बाजूला होता?

बाबांच्या पंचाहत्तरीला गिरगावातल्या आमच्या जुन्या चाळीचा फोटो लाकडावर उतरवून द्यायचा, असं जूनमध्येच ठरवलं होतं. भांडुपच्या आमच्या सुताराकडून पाइनची एक उरलेली फळी आणली, पॉलिश पेपरने घासली, घरच्या प्रिंटरवर फोटो काढला आणि फेव्हिकॉल लावून पालथा चिकटवला. दुसऱ्या दिवशी कागद ओला करून चोळायला घेतला, तर चाळीचा नुसता निळसर चिखल.

चूक माझीच. घरचा प्रिंटर इंकजेट, त्याची शाई पाणी लागलं की पसरते. इथे लेझर प्रिंटच लागते. त्यात शाई नसतेच, टोनर असतो, म्हणजे प्लॅस्टिकची बारीक भुकटी, गरम करून कागदावर बसवलेली. १९३८ साली चेस्टर कार्लसनने पहिली झेरॉक्स काढली तीही कोरड्या भुकटीनेच. ही भुकटी पाण्याला दाद देत नाही, म्हणून कागद निघून जातो आणि चित्र फेव्हिकॉलला धरून राहतं.

मग स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याने विचारलं, "मिरर मारू का, मॅडम?" म्हटलं, नको, उलटी प्रिंट कशाला, फोटोत अक्षरं कुठे आहेत!

फळीला फेव्हिकॉलचा पातळ हात दिला, जुन्या एटीएम कार्डाने मधली हवा काढली. एका रात्रीत वाळतं म्हणतात. मुंबईच्या जुलैत? दोन दिवस पंख्याखाली ठेवली. नंतरचं काम बोटांचं. स्पंज जेमतेम ओला हवा, कारण पाणी जास्त झालं की खालचा फेव्हिकॉलही मऊ पडतो आणि कठड्यासकट सगळं हातात येतं. (आलंच. तिसऱ्या मजल्याचा एक कोपरा गेला.) कागदाच्या शेवया निघतात, चित्र लख्ख दिसतं, आपण खूश होतो, आणि वाळलं की परत पांढुरकी झाक. असं चार वेळा. शेवटी वॉर्निशचा हात दिला तेव्हा झाक गेली.

आई शेजारी बसून बघत होती. तिच्या वेळी ब्लाउजवर नक्षी उतरवायला बटर पेपर सुईने टोचायचा आणि रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने वरून फिरवायची. घरभर वास. रांगोळीच्या ठिपक्यांचा कागदही तसाच, वर्तमानपत्राला उदबत्तीने भोकं पाडलेला. एकदा केला की चार दिवाळ्या पुरायचा. "तुझं एका फळीला आठवडा लागला," एवढंच म्हणाली.

वाढदिवसाला बाबांनी फळी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "जिना उजवीकडे कसा गेला गं?"

पंचेचाळीस वर्षं तो जिना चढलेला माणूस. अक्षरं नव्हती, पण डावं-उजवं होतं ना! आईला हसू आवरेना. "आमचं कधी उलटं नाही आलं," म्हणाली. कसं येईल? भोकांतून नीळ सरळ खाली उतरते, कागद पालथा घालावाच लागत नाही.

मी दुसरी करून देते म्हटलं, तर बाबांनी देऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच खिळा ठोकून फळी बेसिनच्या आरशासमोरच्या भिंतीवर लावली. सकाळी दाढी करताना आरशात जिना डावीकडे दिसतो.