व्हिसेरा आला की सगळं कळतं?

आमच्या यवतमाळकडे कपाशी डोक्याएवढी वाढली की फवारणीच्या, म्हणजे कीटकनाशक फवारताना विषबाधा झालेल्यांच्या केसेस सुरू होतात. २०१७ साली जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, राज्यभर बोभाटा झाला. पीएम रूमबाहेर (शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर) प्रश्न मात्र दरवर्षी तोच: "साहेब, व्हिसेरा आला का समजून जाईन न सारं?"

सारं नाही समजत.

व्हिसेरा म्हणजे विषाच्या तपासणीसाठी मृतदेहातून काढलेले आतले अवयव; लोक विचारतात तो त्यांचा रिपोर्ट. आम्ही काय पाठवतो? जठर आतल्या ऐवजासकट, लहान आतड्याचा फूटभर तुकडा, अर्धा किलो यकृत, दोन्ही किडन्यांचा अर्धा अर्धा भाग. वरून मिठाचं पाणी, तेही इतकं दाट की ढवळूनही मीठ तळाशी उरलं पाहिजे. बरणी काठोकाठ भरायची नाही, आत गॅस धरतो. नुसत्या मिठाच्या पाण्याची एक बाटली वेगळी, म्हणजे उद्या कोणी मिठावरच शंका घ्यायला नको. लाखेचं सील झालं की हवालदार बरण्या घेऊन अमरावतीच्या प्रयोगशाळेकडे निघतो.

पण माझ्या मते खरा जीव सोबतच्या फॉर्मात असतो, आणि तोच सगळ्यात घाईत भरला जातो. फवारणीचा पेशंट वॉर्डात असताना त्याला अ‍ॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, भरपूर दिलेलं असतं. धोतऱ्यातही अ‍ॅट्रोपिनच असतं. उपचाराची नोंद फॉर्मात नसेल, तर रिपोर्टात अ‍ॅट्रोपिन दिसल्यावर घरच्यांवर धोतरा घातल्याचा संशय यायला वेळ लागत नाही.

उलटही होतं. पोट धुतलेलं, माणूस आठवडाभर व्हेंटिलेटरवर. तोवर कीटकनाशक शरीरातून निघून गेलेलं असतं. रिपोर्ट म्हणतो, 'विष आढळले नाही'. म्हणजे विषबाधा झालीच नव्हती असं नाही. अशा वेळी भरती केल्याबरोबर काढलेलं रक्त आणि पोट धुतल्याचं पहिलं पाणी जपलेलं असेल तरच काही हाती लागतं. (ते जपून ठेवा म्हणून मी ड्युटीवरच्या पोरांच्या किती मागे लागतो, त्यांनाच विचारा.)

आणि विष सापडलं, तरी प्यायला की फवारताना अंगात भिनलं, हे प्रयोगशाळा एकटी सांगू शकत नाही. जठरात काय होतं, कपड्यांवर काय होतं, पंचनाम्यात काय लिहिलंय, हे सगळं जोडून पाहावं लागतं. सरकारी मदतीची फाइल बहुतेकदा नेमकी इथेच अडते.

म्हणून नातेवाइकांना मी एवढंच सांगतो: त्याचा शर्ट धुऊ नका, पंप विसळू नका, फवारणीच्या औषधाचा डबा लेबलसकट पोलिसांकडे द्या.