एनडीपीएसचा जामीन : आमच्या कामाला आला तो रोजनामा

माझा धाकटा भाऊ भाड्याने टेम्पो चालवायचा. मालाखाली गांजा सापडला. वजन २० किलोच्या पुढे गेलं की एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, तो व्यावसायिक प्रमाणात मोडतो. शिक्षा किमान १०, जास्तीत जास्त २० वर्षं, आणि जामिनाला कलम ३७ आडवं. आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि जामिनावर असताना तो कुठलाही गुन्हा करणार नाही, अशी कोर्टाची खात्री पटली पाहिजे. साक्षीपुरावे व्हायच्या आधी ही खात्री पटायची कशी, हे मला आजही उमगलेलं नाही.

'९० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर सुटतो,' असं जो तो सांगायचा. इथे मुदत १८० दिवसांची, आणि सरकारी वकिलांच्या अहवालावर ती वर्षापर्यंत वाढू शकते. आमचं चार्जशीट वेळेत आलं. विशेष कोर्टाने अर्ज फेटाळला. मग नुसत्या तारखा.

चौथं वर्ष लागलं तेव्हा हायकोर्टासाठी नव्या वकील मॅडम केल्या. मी नेहमीप्रमाणे 'तो तसा नाही हो' सुरू केलं, तर म्हणाल्या, "ताई, ते खटल्यात बघू. आधी रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदींची, सही-शिक्क्याची नक्कल आणा."

नक्कल हातात आली आणि एवढी वर्षं कुठे गेली ते कळलं. आरोपीला आणलं नाही, एस्कॉर्ट नाही. पंच गैरहजर. तपास अधिकारी बंदोबस्तात. आमच्या आधीच्या वकिलांनी मागितलेल्या मुदतीही होत्याच. मॅडमनी सगळ्या तारखांचा तक्ता केला आणि त्या मुदतीही स्वतःच त्यात घातल्या, म्हणाल्या, सरकारी वकिलांनी दाखवण्याआधी आपण दाखवलेलं बरं. शेजारच्या रकान्यात एकूण साक्षीदार किती आणि तपासले किती. त्या रकान्याकडे बघूनच पोटात गोळा आला.

खटला संपायच्या आधीच अर्ध्या शिक्षेएवढा काळ आत काढला तर जामीन, त्या नियमाचंही मी विचारलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ पहिल्याच गुन्ह्याला एक तृतीयांश म्हणतं, पण हिशेब कमाल शिक्षेवर. २० वर्षांचा तिसरा हिस्सा म्हणजे पावणेसात वर्षांच्या आसपास. आम्ही तिथवर पोचलोच नव्हतो. मॅडमचा भर सुप्रीम कोर्टाच्या २०२३ मधल्या दोन निकालांवर होता. मोहम्मद मुस्लिम प्रकरणात कोर्टाने म्हटलं की खटला अवाजवी रेंगाळला तर कलम ३७ असूनही जामीन देता येतो. रबी प्रकाश प्रकरणात आरोपी साडेतीन वर्षांहून अधिक आत होता, त्याला जामीन मिळाला. आमच्या सुनावणीत सरकारी वकिलांनी गांजाच्या वजनावर जोर दिला. मॅडम तक्ता सोडून हलल्या नाहीत. जामीन झाला.

तरी तो लगेच सुटला नाही. जामीनदाराला सॉल्वन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, लागते, ती तहसीलमधून, त्यासाठी सातबारा किंवा घराचे कागद. नातेवाइकांपैकी कोण खरंच उभं राहतं ते तेव्हा समजतं. शेवटी काही आठवड्यांसाठी रोख जामिनाची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि त्या मुदतीत मामांनी सॉल्वन्सी आणून दिली. हा रोख जामिनाचा अर्ज मूळ जामीन अर्जाबरोबरच करता येतो. कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

खटला अजून चालूच आहे. पोलीस ठाण्यात हजेरी असते, कोर्टाला न विचारता जिल्हा सोडता येत नाही. तारखेच्या आदल्या दिवशी तो कुठलंच भाडं घेत नाही. गैरहजर राहिला तर जामीन रद्द करायचा अर्ज यायला वेळ लागणार नाही.