गुणपत्रिका आणि हजेरीपट

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असा मुख्याध्यापकांचा निरोप आला तेव्हा विषयही त्यांनीच सुचवला : दहावीच्या गुणांचा पुढच्या यशाशी, आणि स्पष्टच बोलायचे तर पैशाशी, कितपत संबंध असतो? मी मार्च १९८४ च्या परीक्षेला बसलेल्या तुकडीतला. पुढे राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो आणि नोकरीतील बरीच वर्षे चाकण परिसरातच कर्ज विभागात काढली. त्यामुळे वर्गमित्रांचे गुण जसे मला पाठ होते, तशा त्यांच्यापैकी काहींच्या मिळकतीही माझ्या टेबलावरून गेल्या. (नावे अर्थातच लिहिणार नाही, बँकेची ती शिस्त अजून सुटलेली नाही.)

त्या काळी गुणांचे काम ठरलेले होते. आयटीआय किंवा तंत्रनिकेतनातील पदविकेचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होई आणि तेथून पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात कायम झाले की घर मार्गी लागे. आमच्यातील साठ टक्क्यांच्या वरचे बहुतेक मुलगे याच वाटेने गेले. त्यांच्यात कोणी कोट्यधीश झाला नाही, परंतु त्यांचा हप्ताही कधी थकला नाही.

वर्गात पहिली आलेली मुलगी मात्र या हिशेबात कोठेच बसत नाही. तिच्या निकालाचे आणि साखरपुड्याचे पेढे एकाच ताटातून वाटले गेले. वीसेक वर्षांनी ती नवऱ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जासाठी सहकर्जदार म्हणून शाखेत आली, सगळे कागद शांतपणे वाचून काढले आणि व्याजाच्या आकारणीत मी केलेली चूक बोट ठेवून दाखवली. अर्जातील ‘व्यवसाय’ या रकान्यात तिने त्याच वळणदार अक्षरात ‘गृहिणी’ असे लिहिले होते.

आता शेवटच्या बाकाविषयी. इंग्रजी आणि गणितात नापास झालेला, ऑक्टोबरच्या परीक्षेतही न सुटलेला आमचा एक मित्र नाइलाजाने कांदा-बटाट्याच्या शेतीत राहिला. १९९९ मध्ये चाकणला बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये मर्सिडीज आणि फोक्सवॅगन आल्या, आणि ज्या माळरानाला कोणी विचारत नव्हते त्याचे भाव पाहता पाहता आकाशाला भिडले. नापास झाल्यामुळे तो गावात राहिला आणि गावात राहिल्यामुळे त्याची जमीन शाबूत राहिली. मिळालेल्या पैशातून वडिलांनी आधी दुसरीकडे बागायत घ्यायला लावली, मग त्याने दोन जेसीबी घेतले. आज आमच्या तुकडीत सर्वांत मोठा प्राप्तिकर तोच भरत असावा. गेल्या वर्षीच्या स्नेहमेळाव्यात व्यासपीठावरून तो म्हणाला, “दहावीला गचकलो म्हणून इथवर आलो,” आणि सगळ्यांत जास्त टाळ्या त्याच वाक्याला पडल्या.

टाळ्या मीही वाजवल्या, पण बँकेतल्या माणसाची खोड जात नाही. त्याच्याच बाकावर बसणारा, त्याच्याच इतका नापास आणि जवळजवळ तेवढ्याच जमिनीचा धनी असलेला आमचा दुसरा मित्र मला आठवला. त्याने भाव चढण्याआधीच दलालाला जमीन लिहून दिली, गाडी घेतली, रस्त्याकडेला हॉटेल टाकले, आणि काही वर्षांतच त्याचे कर्जखाते थकीत यादीत गेले. तो मेळाव्याला आला नव्हता. दहावीला अडखळलेल्यांपैकी जे आले होते, ते सगळे स्वतःच्या गाडीतून उतरले होते. आणि आपण मोजतो ते एवढ्यांनाच. माझ्यापुरते मत असे की, कोण किती वर चढेल हे गुणांनी कधीच सांगितले नाही, पण कोणाच्या पायाखाली फळी राहील हे, निदान मुलग्यांच्या बाबतीत, बऱ्यापैकी सांगितले. नापासांत एक कोट्यधीश निघाला खरा. त्या फळीवाचून बाकीचे कुठवर घसरले, हे मात्र आम्ही कधी विचारलेच नाही.

स्मरणिका समितीने माझ्याकडे आमच्या तुकडीतील ‘यशस्वी माजी विद्यार्थ्यां’ची यादी मागितली, तेव्हा मी कार्यालयातून १९८४ चा हजेरीपट काढून घेतला आणि प्रत्येक नावापुढे सध्याचा ठावठिकाणा लिहीत गेलो. अकरा नावांपुढचा रकाना कोराच राहिला आहे. ती यादी मी शाळेच्या कार्यालयात ठेवली आहे. कोणास काही ठाऊक असल्यास पेन्सिलीने लिहावे, म्हणजे खात्री करून मला शाईने उतरवता येईल.