सेट सुरू झाला, पण लोड कुठे घेतला?

जुलै २०२३. दुपारचे पावणेचार, बाहेर धो धो पाऊस, आणि लाइट गेली. मी तळघरात पाण्याच्या पंपाच्या स्टार्टरपाशी होतो. अंधारात तसाच उभा राहून कान लावले. आमच्या इमारतीत लाइट गेली की आठ-दहा सेकंदांत मागच्या अंगाला जनरेटर घरघरायला लागतो. ती घरघर आली की मी पुढच्या कामाला लागतो, अशी वर्षानुवर्षांची सवय. दहा सेकंद झाले, वीस झाले, तरी आवाज नाही.

वर येऊन बघतो तर वॉचमन मामा डोक्यावर पोतं घेऊन जनरेटरकडे पळत होते. पॅनलचा सिलेक्टर मॅन्युअलवर. सोमवारी सकाळी सेट, म्हणजे जनरेटर, हाताने चालू करून बघितला होता आणि परत ऑटोवर टाकायचा राहिला होता. मामांनी चावी फिरवली, पहिल्याच सेल्फला सेट उठला. व्होल्टेज ४१५, फ्रिक्वेन्सी ५०, सगळं जागेवर. इमारत मात्र काळोखातच.

डीजीच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, बाजूचा ब्रेकर बसत नव्हता. त्याची स्प्रिंग चार्ज करणारी छोटी मोटर जळाली होती. मेन्सच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेच्या, बाजूचा ब्रेकर अजून ऑन, त्यामुळे दोन्ही एकदम बसू न देणारा इंटरलॉक सोडेना. तो आधी पाडला, मग हँडलने स्प्रिंग भरली, मग ऑनचं बटण दाबलं. लाइट आली तेव्हा बावीस मिनिटं झाली होती.

त्या बावीस मिनिटांत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्टमध्ये एक आजी आणि त्यांची नात अडकल्या होत्या. चौथ्या मजल्यावर फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, आजी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिथे येत. लाइट गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारं एआरडी नावाचं बॅटरीवरचं यंत्र असतं. आमच्या त्या लिफ्टच्या एआरडीच्या बॅटऱ्याही बसल्या होत्या. दार उघडलं तेव्हा आजी लिफ्टच्या फरशीवर बसल्या होत्या, नात पर्सने वारा घालत होती. आजी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "जनरेटर आहे ना रे बाळा तुमच्याकडे?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आयटीआयचा वीजतंत्री म्हणून लागलो त्याला तेवीस वर्षं झाली, पुढे सुपरवायझरचं लायसन्स काढलं. पुण्यातल्या या सात मजली व्यापारी इमारतीची वीज, पंप, लिफ्ट, जनरेटर हे सगळं माझ्याकडे आहे. त्या संध्याकाळी मी रजिस्टर काढून बसलो. दर सोमवारची नोंद होती : 'सेट दहा मिनिटं चालवला, ओके.' वर्षभरातली एकही नोंद खोटी नव्हती. सेट खरोखरच दर सोमवारी सुरू होत होता. वर्षभरात इमारतीचा दिवसाचा पूर्ण लोड, म्हणजे चालू असलेल्या सगळ्या उपकरणांचा भार, त्याच्यावर टाकून मात्र कुणी पाहिलं नव्हतं. अधूनमधून लाइट जायची ती रात्री किंवा रविवारी, आणि तेव्हा मामा चेंजओव्हर, म्हणजे मेन्सवरून सेटवर बदल, हाताने करून मोकळे होत.

रिकाम्या चालवण्याचा दुसरा तोटा मला त्याच आठवड्यात दिसला. आमचा जुना सेट ५०० केव्हीएचा होता, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ४०० किलोवॅट. एक्झॉस्टच्या जोडातून काळा चिकट ओघळ खाली आला होता. सर्व्हिसला आलेल्या मिस्त्रीकाकांनी बोट लावून वास घेतला आणि म्हणाले, "हे ऑइल वाटतंय ना? अर्धं न जळलेलं डिझेल आहे. याला कामच नाही, साहेब."

डिझेल इंजिनला लोड लागतो. लोड कमी असेल तर सिलिंडर पुरेसा तापत नाही, रिंगा नीट बसत नाहीत, डिझेल पूर्ण जळत नाही. मग काजळी आणि कच्चं डिझेल इंजेक्टरवर, व्हॉल्व्हवर, टर्बोमध्ये, सायलेन्सरमध्ये साठत जातं. साधारण तीस टक्क्यांच्या खाली सेट फार वेळ चालवू नये. आमचा दिवसाचा लोड ९० किलोवॅटच्या आसपास, म्हणजे बावीस टक्के. रात्रीचा २५, म्हणजे सहा टक्के. वर दर सोमवारी दहा मिनिटं शून्य टक्के. आम्ही तपासणी समजून सेटची नासाडी करत होतो.

एवढा मोठा सेट घेतला कुणी? ज्यांनी घेतला त्यांचं चुकलं नव्हतं. इमारत २००७ सालची, भारनियमनाच्या दिवसांतली. तेव्हा वरचे तीन मजले एका कंपनीचे होते, सेंट्रल एसीचा चिलर सेटवर होता, छतभर ट्यूबलाइट, टेबलाटेबलावर काचेच्या पडद्याचे जाडजूड मॉनिटर. पुढे कंपनी गेली, चिलर निघाला, एलईडी आले, लॅपटॉप आले. लोड उतरत गेला, सेट तेवढाच राहिला.

बदलायचं ठरलं ते २०२४ मध्ये. कमिटीच्या बैठकीत पहिला सूर असा की आहे तेवढाच घेऊ, मोठा असलेला काय वाईट? मी म्हटलं, आधी मोजू. मे महिन्यात पंधरा दिवस मेन पॅनलवर लोड लॉगर, म्हणजे लोडची सतत नोंद ठेवणारं यंत्र, लावला. मे मुद्दाम निवडला, कारण एसी तेव्हाच सगळ्यात जास्त ओढतात. सगळ्यात जास्त आकडा आला ११८ किलोवॅट, एका मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास. त्यात अग्निशमनाचा पंप नव्हता, तो ३७ किलोवॅटचा. आगीच्या वेळी तो इमारतीच्या लोडसकट चालला पाहिजे असं धरलं, म्हणजे १५५. २५० केव्हीएचा सेट २०० किलोवॅट देतो. पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांवर बसतो, आणि रोजच्या दिवसाच्या लोडलाही पंचेचाळीस-पन्नास टक्क्यांवर राहतो.

मोटर सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट करंट ओढते, थेट जोडली तर सहापटही. म्हणून नुसत्या किलोवॅटच्या बेरजेवर सेट घेऊ नये. तीन ठिकाणांहून कोटेशन मागवली. एकाने जुन्या सेटची पाटी बघून तोच आकडा लिहून दिला. दुसऱ्याने इमारतीचं क्षेत्रफळ विचारून ३८० सांगितला. तिसरा माणूस येऊन म्हणाला, "मोटरांची यादी द्या, कुठली स्टार-डेल्टावर, कुठली ड्राइव्हवर, आणि यूपीएस किती?" स्टार-डेल्टा आणि ड्राइव्ह म्हणजे मोटर सुरू होतानाचा करंट कमी ठेवायच्या पद्धती. हे विचारणाऱ्याकडूनच सेट घेतला. पुण्यात हे एक सुख आहे. किर्लोस्कर आणि कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या इथे आहेत, त्यामुळे जाणता माणूस आणि सुटा भाग शोधायला लांब जावं लागत नाही.

कोटेशनमध्ये एक गोष्ट नक्की बघा : लिहिलेला आकडा प्राइमचा (लांब वेळ चालवण्याचा) की स्टँडबायचा (फक्त लाइट गेल्यावर चालवण्याचा). एकाच इंजिनचा स्टँडबाय आकडा मोठा दिसतो, पण त्यात ओव्हरलोडला जागा नसते. प्राइमला बारा तासांत एक तास दहा टक्के जास्त लोड चालतो. दोन कोटेशनची तुलना करताना दोन्हीकडे एकाच प्रकारचा आकडा धरायला हवा.

नवीन सेट सीपीसीबी-४ प्लसचा, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नव्या नियमांतला. धुराचे हे नियम १ जुलै २०२३ पासून लागू झाले, आणि जुन्या इंजिनांचे सेट विकायला मिळालेली मुदत ३० जून २०२४ ला संपली. किंमत चढली, कमिटीने कुरकुर केली. मला मात्र हे नियम हवेसे वाटतात. मागच्या सोसायटीतली मुलं आमच्या कंपाउंडला लागूनच क्रिकेट खेळतात. जुना सेट उठला की काळा लोट त्यांच्या मैदानावर जायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. धुराड्याच्या उंचीचाही हिशेब आहे. इमारतीच्या उंचीच्या वर आणखी ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ, इतके मीटर. २५० चं वर्गमूळ १५.८, म्हणजे गच्चीच्या वर जवळजवळ सव्वातीन मीटर. सात मजले पाइप चढवायचा तर तो रुंद घ्यावा लागतो, नाहीतर इंजिनला धूर बाहेर ढकलताना दम लागतो. जुना पाइप वापरून पैसे वाचवू, अशी सूचना आली होती. ती मी मान्य केली नाही.

बसवताना दोन घोळ झाले. पहिल्या रात्री लोड कमी होता आणि पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी मेन्सवर लावलेली कपॅसिटर बँक सेटवरही ऑनच राहिली. व्होल्टेज चढत चढत ४६० ला गेलं. आता डीजी चालू असेल तर कपॅसिटर बाहेर पडतील असा इंटरलॉक आहे. दुसरा घोळ पाचव्या मजल्यावरच्या ६० केव्हीएच्या यूपीएसचा. तो सेटवर येऊन एकदम लोड घ्यायचा, फ्रिक्वेन्सी डुलायची, यूपीएसला ती आवडायची नाही, तो परत बॅटरीवर जायचा, आणि हाच खेळ पुन्हा पुन्हा. यूपीएसवाल्याने लोड सावकाश घेण्याची वेळ वाढवली, सेटवर असताना बॅटरी चार्जिंगचा करंट कमी केला, तेव्हा तो शांत झाला.

देखभालीचं बोलायचं तर माझं पहिलं लक्ष बॅटरीवर. सेट उठला नाही असं सांगायला कुणी आलं की मी आधी टर्मिनल बघतो, मग चार्जर. बॅटरीवर बसवल्याची तारीख पांढऱ्या रंगाने लिहून ठेवली आहे. तीन वर्षं झाली की बदलायची, चालत असली तरी. त्यानंतर डिझेल. टाकी अर्धी रिकामी ठेवली की पावसाळ्यात आत दव धरतं आणि पाणी तळाला बसतं. म्हणून टाकी वरपर्यंत भरलेली, आणि दर महिन्याला वॉटर सेपरेटरचा नळ खोलून काचेच्या बाटलीत थेंब बघायचे. रेडिएटरमध्ये कूलंटच, नळाचं पाणी कधीच नाही. शेजारी बांधकाम सुरू झाल्यापासून एअर फिल्टरचा लाल निर्देशक दर आठवड्याला बघतो. या सेटला डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं द्रावण, लागतं, त्याचे कॅन सावलीत ठेवतो. उन्हात ते लवकर खराब होतं.

बी चेकवरून, म्हणजे ऑइल आणि फिल्टर बदलण्याच्या ठरलेल्या सर्व्हिसवरून, कमिटीत दरवर्षी वाद होतो. "वर्षात साठच तास चालला, ऑइल कशाला बदलायचं?" तास भरले नाहीत तरी वर्ष भरलं की ऑइल आणि फिल्टर बदलायचे. उभ्या सेटमधल्या ऑइलमध्ये ओलावा आणि आम्ल साठतंच. मागच्या वर्षी काढलेलं ऑइल बाटलीत भरून मी बैठकीत टेबलावर ठेवलं. त्यानंतर सही लगेच झाली.

खर्चाचं रजिस्टरही मी मांडतो. चांगल्या लोडवर लिटरमागे साडेतीन युनिटच्या आसपास निघतात. नव्वद रुपयांचं डिझेल धरलं तर नुसत्या डिझेलचेच एका युनिटला पंचवीस रुपयांच्या वर. जुन्या सेटवर लिटरमागे तीन युनिटही पडत नव्हते.

सोमवारची दहा मिनिटं बंद केली आहेत. आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी अडीच वाजता मी मेन्सचा ब्रेकर स्वतः पाडतो. आदल्या दिवशी ग्रुपवर निरोप जातो, पॅथॉलॉजीवाल्या ताईंना फोन करून सांगतो. दोन्ही लिफ्ट रिकाम्या करून वर-खाली सोडलेल्या असतात. घड्याळ लावतो : किती सेकंदांत सेट उठला, किती सेकंदांत ब्रेकर बसला, लिफ्ट कुठे थांबली. मग अर्धा तास एसीसकट सगळा लोड सेटवर. पहिल्या तीन महिन्यांत फोन आले, "मुद्दाम लाइट का घालवता?" एका ऑफिसच्या मॅनेजर साहेबांना मी खाली बोलावून पॅनलसमोर उभं केलं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी ब्रेकर बसताना पाहिला, नंतर फोन आला नाही. परत जाताना मामा सिलेक्टर ऑटोवर असल्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. तो फोटो आला नाही तर मी घरी जात नाही.

या शनिवारी सेट सहा सेकंदांत उठला, अकराव्या सेकंदाला लोड घेतला. एक नंबरची लिफ्ट एआरडीवर दुसऱ्या मजल्याला आली आणि दार उघडलं. दोन नंबरची अर्ध्या वाटेत दोनदा थांबून मग आली. तिच्या बॅटऱ्या चालू वर्षातल्याच आहेत, त्यामुळे मला चार्जर कार्डाचा संशय आहे. सोमवारी लिफ्टवाला येतोय, तोवर दोन नंबरला पाटी लावून ती बंद ठेवली आहे.